शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर

आपल्या शाळेंत क्वचितच असें वर्ष जातें कीं, ज्या वर्षीं एखादा विद्यार्थी गळ्यांत झोळी बांधून वर्गांत आला नाहीं. कोणी आंब्याच्या झाडावरून पडतो, कोणाचें हाड खेळाच्या मैदानावर मोडतें. मग कांहीं आठवडे प्लास्टर, त्यावर सोबत्यांनीं लिहिलेलीं नांवें, आणि पुढें तोच मुलगा पुन्हां मैदानावर! मोडलेल्या हाडापायीं आपला प्राण जाईल असें त्याच्या मनांतहि येत नाहीं. त्याच्या आईच्याहि येत नाहीं.

सुमारें एकशें साठ वर्षांपूर्वीं अशी निश्चिंती राजपुत्रालाहि नव्हती. हाड आंतल्या आंत मोडलें व वरची कातडी शाबूत राहिली, तर कामट्या बांधून तें सांधून येई. परंतु हाडाचें टोंक कातडी फाडून बाहेर आलें, तर थोड्याच दिवसांत जखमेंत पू होई, मांस सडूं लागे, ताप चढे आणि पुष्कळदां रोगी दगावे. म्हणून शस्त्रवैद्य बहुधा आरंभींच तो पाय किंवा हात कापून टाकीत. आणि कापलेल्या जागींहि तोच विकार होऊन कित्येक मरत. ही स्थिति ज्यांनीं पालटली, त्या जोसेफ लिस्टर ह्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं अवश्य जाणून घेण्यासारखें आहे.

लिस्टर ह्यांचा जन्म ता. ५ एप्रिल १८२७ रोजीं लंडनजवळील अप्टन ह्या गांवीं झाला. घराणें क्वेकर पंथाचें; साधा पोशाख, साधें बोलणें व सत्याची चाड हे त्या घरचे संस्कार. वडील द्राक्षारसाचे व्यापारी होते. परंतु फावल्या वेळीं ते कांचेचीं भिंगें घाशीत, आणि सूक्ष्मदर्शक यंत्रांत त्यांनीं केलेल्या सुधारणेमुळें रॉयल सोसायटीनें त्यांना आपलें सभासद करून घेतलें. जें डोळ्यांना दिसत नाहीं तेंहि खरोखर असतें, हा धडा जोसेफ बापाच्या मेजाजवळ बसून शिकला. प्राण्यांचे सांगाडे जोडण्याचा त्याला छंद होता, आणि आपण शस्त्रवैद्य व्हावें हें त्यानें बाळपणींच ठरविलें होतें.

क्वेकरांच्या मुलांना त्या काळीं ऑक्सफर्ड व केंब्रिज येथें पदवी मिळत नसे. म्हणून तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत गेला. मध्यंतरीं देवी आल्या, मन खचलें आणि अभ्यास कांहीं काळ सोडावा लागला. तरी पुन्हां उभा राहून १८५२ सालीं त्यानें वैद्यकाची पदवी घेतली. पुढील वर्षीं तो एडिंबरो येथें प्रसिद्ध शस्त्रवैद्य जेम्स साइम ह्यांच्याकडे थोडे दिवस शिकावयास म्हणून गेला, तो तेथेंच राहिला. १८५६ सालीं साइम ह्यांची कन्या ॲग्नेस हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. ह्या बाईंनीं जन्मभर पतीच्या प्रयोगांत साह्य केलें. त्यांच्या टिपणवह्यांतील कित्येक पानें तिच्याच हस्ताक्षरांत आहेत.

१८६० सालीं लिस्टर ह्यांची ग्लासगो विद्यापीठांत शस्त्रवैद्यकाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, व पुढील वर्षीं तेथील रॉयल इन्फर्मरी ह्या इस्पितळांतील खाटा त्यांच्या स्वाधीन झाल्या. तोंपर्यंत क्लोरोफॉर्म आलेला असल्यामुळें शस्त्रक्रियेची वेदना नाहींशी झाली होती, मरण मात्र नाहींसें झालें नव्हतें. शस्त्रक्रिया उत्तम वठावी आणि आठव्या दिवशीं रोगी कुजक्या जखमेनें मरावा, असें वारंवार घडे. दूषित हवेमुळें असें होतें, त्याला इलाज नाहीं, असें म्हणून बहुतेक वैद्य स्वस्थ बसत. रक्तानें माखलेला जुना कोट अंगांत घालून, हात न धुतां, एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाण्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नसे.

लिस्टर मात्र स्वस्थ बसले नाहींत. एक साधी गोष्ट त्यांच्या मनांत घोळत होती. कातडी शाबूत असेल तर मोडलेलें हाड सडत नाहीं, कातडी फाटली कीं सडतें. मग हें सडविणारें कांहींतरी बाहेरूनच आंत शिरत असलें पाहिजे. तें काय असावें? १८६५ सालीं रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस अँडरसन ह्यांनीं त्यांचें लक्ष फ्रान्सांतील पाश्चर ह्यांच्या लेखांकडे वेधलें. पदार्थ आंबतात व कुजतात ते केवळ हवेनें नव्हे, तर हवेंतून येणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळें, असें पाश्चर ह्यांनीं सिद्ध केलें होतें. लिस्टर ह्यांना वाट सांपडली. पाश्चर उष्णतेनें जंतु मारीत. परंतु माणसाचा पाय काहीं उकळतां येत नाहीं! तेव्हां औषधी द्रव्य शोधणें आलें. कार्लाइल शहरांत गटाराच्या मैल्याची घाण जावी म्हणून कार्बोलिक ॲसिड वापरीत असल्याचें त्यांनीं ऐकलें होतें. तेंच त्यांनीं निवडलें.

त्या वर्षीं मार्च महिन्यांत केलेला पहिला प्रयोग फसला. हा दोष तत्त्वाचा नसून आपल्या हाताळणीचा आहे, असें त्यांनीं मानलें व ते पुढच्या संधीची वाट पाहत राहिले.

ता. १२ ऑगस्ट १८६५ रोजीं जेम्स ग्रीनलीज नांवाच्या अकरा वर्षांच्या मुलाला इस्पितळांत आणलें. गाडीचें चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलें होतें. नडगीचें हाड मोडलें होतें आणि जखम उघडी होती. आपल्या पांचवीसहावींतल्या मुलाएवढा हा मुलगा! नेहमींच्या रीतीनें पाय गमावण्याची वेळ त्याच्यावर सहज आली असती. लिस्टर ह्यांनीं जखमेला कार्बोलिक ॲसिड लाववून त्याच द्रव्यांत भिजविलेल्या कापडाची घडी वर ठेवविली व कामट्या बांधविल्या. चार दिवस पट्टी तशीच ठेवली. चौथ्या दिवशीं मुलगा दुखतें म्हणूं लागला, तेव्हां सर्वांना तीच जुनी शंका आली असेल. पट्टी सोडली, पण पू नव्हता, कुजका वासहि नव्हता. औषधाच्या दाहानें कातडी तेवढी लाल झाली होती. औषध सौम्य करून पुन्हां पट्टी बांधली. सहा आठवड्यांनीं हाड सांधलें, आणि तो मुलगा आपल्या दोन्ही पायांवर घरीं गेला.

एका रोग्यावरून डंका पिटण्याचा लिस्टर ह्यांचा स्वभाव नव्हता. जवळजवळ दोन वर्षें त्यांनीं अनुभव जमविला व १८६७ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत तो प्रसिद्ध केला. उघड्या जखमेसह हाड मोडलेले अकरा रोगी. त्यांपैकीं नऊ अवयवासह बरे झाले, एकाचा अवयव कापावा लागला, एक मरण पावला. हे अपयशाचे दोन प्रसंगहि त्यांनीं यशाच्या नऊंइतकेच स्पष्ट लिहिले. पुढें १८७० सालीं त्यांनीं अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियांचे आंकडे दिले. ह्या शस्त्रक्रियांत नवी रीत लागू करण्यापूर्वींच्या दोन वर्षांत ३५ पैकीं १६ रोगी दगावले होते. नंतरच्या तीन वर्षांत ४० पैकीं ६. हे आंकडे लहान आहेत, त्यांवर फार भार टाकूं नये, असेंहि त्यांनींच नमूद केलें.

सांध्यांच्या रोगांतहि त्यांचा हात असाच जपून चाले. मनगटाचीं हाडें किडलीं कीं हात कापणें ही वहिवाट होती. त्याऐवजीं किडलेलीं हाडें तेवढीं काढून हात वांचविण्याची शस्त्रक्रिया त्यांनीं बसविली. पुढें ते एडिंबरो येथें असतांना, १८७३ सालीं विल्यम हेन्ली हा तरुण कवि त्यांच्याकडे आला. हाडांच्या क्षयानें त्याचा एक पाय पूर्वींच गेला होता, आणि दुसराहि कापावा लागेल असें इतर वैद्यांनीं सांगितलें होतें. सुमारें वीस महिने लिस्टर ह्यांनीं त्याच्यावर उपचार केले व तो पाय वांचविला. ‘ट्रेझर आयलंड’ वाचलेल्या मुलांना एकपायी लाँग जॉन सिल्व्हर आठवत असेल. स्टीव्हन्सननें तें पात्र रंगवितांना आपला मित्र हेन्ली डोळ्यांपुढें ठेवला होता.

१८७७ सालीं लिस्टर लंडनच्या किंग्ज कॉलेजांत आले. तेथील वैद्यांना त्यांच्या मतांचा विश्वास वाटत नव्हता. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांनीं एका मनुष्याचा गुडघा उघडून, मोडलेल्या वाटीचे दोन तुकडे चांदीच्या तारेनें जोडले. असा मोड कातडीआड असे व रोगी बहुधा लंगडत कां होईना, पण जगे. तेव्हां धडधाकट सांधा आपण होऊन उघडणें हें लोकांना निव्वळ साहस वाटलें. रोगी मेला तर लिस्टरवर खटला भरावा, असें एक वैद्य म्हणाल्याचें सांगतात. परंतु रोगी बरा झाला. १८८३ सालीं लिस्टर ह्यांनीं अशा सात रोग्यांची हकीकत लंडनच्या वैद्यांपुढें मांडली. आज हाडांना पट्ट्या व खिळे बसवितात, गुडघ्याचे व खुब्याचे सांधेहि बदलतात. त्या सर्व कामाचा दरवाजा अशा धैर्यानें उघडला गेला.

तथापि त्यांची थोरवी मला एका निराळ्याच गोष्टींत दिसते. शस्त्रक्रियेच्या वेळीं हवेंत कार्बोलिकचा फवारा उडविण्याची पद्धत त्यांनीं १८७१ पासून चालू केली होती. पुढें, हवेंतील जंतूंपेक्षां हात व हत्यारें ह्यांवरील जंतुच अधिक घातक, असें कळून आलें. तेव्हां १८९० सालीं बर्लिन येथें जगांतील वैद्यांच्या सभेंत, आपण फवाऱ्याची शिफारस केली ह्याची आपणांस लाज वाटते, असें त्यांनीं सांगून टाकलें. आपल्या शोधाचें मूळ पाश्चर ह्यांच्याकडे आहे हेंहि ते नेहमीं सांगत. १८९२ सालीं पाश्चर ह्यांच्या सत्तराव्या वाढदिवशीं पॅरिस येथें भर सभेंत ह्या दोघां थोर पुरुषांनीं एकमेकांना आलिंगन दिलें.

पुढच्याच वर्षीं ॲग्नेस बाई इटलींत वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हतें, आणि त्या वियोगानें लिस्टर फार एकाकी झाले. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद, १८९७ सालीं लॉर्ड हा किताब, असे मान मिळत गेले. ता. १० फेब्रुवारी १९१२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबेंत त्यांची अंत्यप्रार्थना झाली. परंतु त्यांच्या इच्छेप्रमाणें दफन मात्र तेथील थोर पुरुषांच्या रांगेंत न होतां पत्नीच्या शेजारीं झालें.

आपल्या प्रभूनें सांगितलेला चांगला शोमरोनी जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधतो. पुजारी व लेवी ह्यांना दया नव्हती. शोमरोन्याला ती होती, आणि हातीं होतें तें औषधहि त्यानें खर्च केलें. लिस्टर ह्यांच्या काळच्या वैद्यांना दया नव्हती असें नाहीं. पण आपल्याच हातांनीं मरण जातें हें पाहण्याची त्यांची तयारी नव्हती. बालमित्रांनो, चांगलें करण्याची इच्छा पुरी पडत नाहीं. आपली चूक शोधणें, ती मोजणें व ती कबूल करणें हेंहि प्रेमाचेंच काम आहे. पुढल्या वेळीं एखादा सोबती प्लास्टर घालून वर्गांत आला, तर त्यावर आपलें नांव लिहितांना ग्लासगोच्या त्या अकरा वर्षांच्या मुलाची व त्याची पट्टी सोडतांना श्वास रोधून उभ्या राहिलेल्या वैद्यांची आठवण करा, आणि देवाचे आभार माना.