ब्रदर मथायस यांचा विद्यार्थी : बेब रूथ

अमेरिकेच्या बेसबॉल क्षेत्रात बेब रूथ हे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यांचे मूळ नाव जॉर्ज हर्मन रूथ. ६ फेब्रुवारी १८९५ रोजी मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात त्यांचा जन्म झाला. वडील मद्यालय चालवीत. आईवडिलांचे लक्ष नसल्याने मुलगा शाळा चुकवून रस्त्यावर भटकू लागला. अखेर १९०२ साली, वयाच्या सातव्या वर्षी, त्याला सेंट मेरीज् औद्योगिक शाळेत ठेवण्यात आले. झेवेरियन ब्रदर्सच्या या शाळेत अनाथ, निराधार व हूड मुले एकत्र राहत असत. पुढील बारा वर्षांतील बहुतेक काळ जॉर्जने तेथेच घालविला. घरची माणसे त्याला क्वचितच भेटावयास येत.

शाळेची शिस्त सांभाळणारे ब्रदर मथायस हे धिप्पाड देहाचे व मितभाषी गृहस्थ होते. मैदानावर ते मुलांसाठी चेंडू उंच टोलवीत, तेव्हा जॉर्ज भान हरपून पाहत राही. ब्रदरांनी त्याला खेळाचे धडे दिले आणि पित्याची माया दिली. शाळेत जॉर्ज सदरे शिवण्याचे कामही शिकला. परंतु त्याचे भवितव्य मैदानावरच घडावयाचे होते.

१९१४ साली बाल्टिमोर ओरिओल्स या संघाने त्यांना करारबद्ध केले. त्याच वर्षी ते बॉस्टन रेड सॉक्स संघात गेले व उत्कृष्ट गोलंदाज म्हणून गाजले. १९२० च्या आरंभी न्यूयॉर्क यांकीज संघाने त्यांना एक लाख डॉलर्स मोजून घेतले. तेथे त्यांच्या फलंदाजीने खेळाचे स्वरूपच पालटले. क्रिकेटमधील षटकाराप्रमाणे चेंडू सीमेपार टोलविणे म्हणजे होमरन. १९२७ च्या एका हंगामात त्यांनी ६० होमरन केले. त्यांचा ७१४ होमरनचा एकूण विक्रम १९७४ पर्यंत अबाधित राहिला.

तथापि कीर्तीबरोबर स्वैरपणाही आला. खाणेपिणे, रात्रीची जागरणे आणि उधळपट्टी यांना सीमा उरली नाही. १९२२ मध्ये त्यांच्यावर अनेकदा निलंबनाची कारवाई झाली. १९२५ मध्ये पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली; त्याच वर्षी बेशिस्तीबद्दल संघाच्या व्यवस्थापकांनी त्यांना पाच हजार डॉलर्सचा दंड केला. पहिली पत्नी हेलन त्यांच्यापासून विभक्त राहत होती. १९२९ च्या जानेवारीत घराला लागलेल्या आगीत तिचा दुर्दैवी अंत झाला. खेळातून निवृत्त झाल्यावर संघाचा व्यवस्थापक होण्याची त्यांची तीव्र इच्छा होती. ती मात्र कधीच पूर्ण झाली नाही.

एवढ्या पडझडीतही आपल्या शाळेचा त्यांना विसर पडला नाही. १९१९ साली शाळा आगीत भस्मसात झाली, तेव्हा पुनर्बांधणीसाठी निधी जमविण्यास त्यांनी पुढाकार घेतला. शाळेचे वाद्यवृंदपथक यांकीज संघाबरोबर गावोगावी फिरले. १९२६ मध्ये त्यांनी ब्रदर मथायस यांना मोटारगाडी भेट दिली. रुग्णालयांत व अनाथालयांत जाऊन मुलांना भेटणे हा तर त्यांचा आवडता छंद होता.

१९४६ साली त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. अखेरच्या आजारपणात पवित्र संस्कार स्वीकारून १६ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी न्यूयॉर्क येथे देह ठेवला. यांकी स्टेडियममध्ये हजारो लोकांनी त्यांचे अंत्यदर्शन घेतले. सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये कार्डिनल स्पेलमन यांच्या उपस्थितीत अंत्यविधीची मिस्सा झाली.

ब्रदर मथायस त्यापूर्वी चार वर्षे, १९४४ मध्ये, निवर्तले होते. १९५० साली शाळाही बंद झाली. बेब रूथ हे काही संत नव्हते. ब्रदरांनी लावलेल्या शिस्तीचा त्यांना वारंवार विसर पडला. मात्र एका दुर्लक्षित मुलासाठी कोणीतरी वेळ काढला होता, ही जाणीव त्यांनी अखेरपर्यंत जपली. आपल्या वसतिगृहांतून व अनाथालयांतून निमूटपणे राबणाऱ्या धर्मबंधूंना आणि धर्मभगिनींना आपल्या श्रमांचे फळ बहुधा दिसत नाही. त्यांच्यासाठी ही जीवनकथा दिलासा देणारी ठरावी.