दादासाहेब फाळके व त्यांची मुले

बाईंनी या खेपेला थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. वर्गातल्या पुष्कळ जणांनी शिवाजी महाराज नाहीतर सावित्रीबाई घेतल्या. मी दादासाहेब फाळके घेतले. कारण ते आधी फोटोग्राफर होते आणि माझे पप्पा पण फोटोग्राफर आहेत. गावातल्या लग्नांचे, बारशांचे आणि आपल्या शाळेचे फोटो तेच काढतात.

दादासाहेबांचे खरे नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. पण धुंडिराजला चित्रे काढायची आवड. म्हणून १८८५ मध्ये त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घातले. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले. मग त्यांनी गोध्रा गावी फोटोचे दुकान काढले. पण तिथे प्लेगची साथ आली आणि त्यांची बायको व मूल दोघेही गेले. ते परत बडोद्याला आले. तिथे लोक म्हणायचे की, कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो. त्यामुळे धंदा चालेना. याला हसू नका, माझी आजी अजून झोपलेल्या बाळाचा फोटो काढू देत नाही.

१९०२ साली त्यांचे दुसरे लग्न झाले. या बायकोचे नाव सरस्वतीबाई. नंतर त्यांनी सरकारच्या पुरातत्त्व खात्यात फोटो काढायची नोकरी केली, ती सोडली आणि आपल्या पुणे जिल्ह्यात लोणावळ्याला छापखाना घातला. तोही पुढे सुटला.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला. मग आपल्या देवांचा सिनेमा का नाही, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. रोज अंधारात बसून इतके सिनेमे पाहिले की डोळ्यांनी दिसेना झाले. डॉक्टरांनी औषध दिले तेव्हा परत दिसू लागले. विम्याचे कागद गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्र घेतले. सिनेमात तो वाटाणा भराभर उगवून मोठा झाला. मला हे सगळ्यात जास्त आवडले.

मग ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला आणि रात्री फिल्मला भोकेही पाडली. सिनेमात काम करायला एकही बाई तयार होईना, म्हणून तारामती झाले साळुंके नावाचे हॉटेलातले आचारी! रोहिदास झाला दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांना दाखवला.

भालचंद्राची एक गोष्ट सांगतात. शूटिंगच्या वेळी खेळताना तो पडला, डोके दगडावर आपटले आणि तो बेशुद्ध झाला. पुढचा देखावा मेलेल्या रोहिदासाचा होता. दादासाहेबांनी मुलाला तसेच निजवून तो देखावा उरकून घेतला.

ही गोष्ट मला आवडली नाही. मी ती घरी सांगितली. पप्पा म्हणाले की एकदा ऊन गेले की तसा देखावा परत मिळत नाही, पण मी असतो तर थांबलो असतो. तेव्हा आईने विचारले की मागच्या स्नेहसंमेलनात लेझीम खेळताना पोरगी पडली तेव्हा तुम्ही काय करत होता. पप्पा गप्प बसले. कारण तेव्हा ते पुढे उभे राहून फोटो काढत होते, आणि मी पडल्याचा फोटो पण आला होता! मला उचलले बाईंनी. मी दोन दिवस पप्पांशी बोलले नव्हते. नंतर त्यांनी सांगितले की डोळा कॅमेऱ्याला लागला की नुसते चित्र दिसते, पोरगी कुणाची ते दिसतच नाही. मला ते निम्मे पटले.

दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली. ती तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. पप्पांनी मला तो मोबाईलवर दाखवला. सुरुवातीला ती नुसती आपल्याकडे बघून हसते, रडते, रागावते आणि मग तिचा कृष्ण होतो. तिच्याकडे बघून वाटत नाही की कोणी तिला रागावले असेल.

पुण्यात मंडईजवळ १९१५ साली आर्यन थिएटर निघाले. तिथे ‘लंका दहन’ लागला तेव्हा इतकी गर्दी झाली की दरवाजा मोडायची वेळ आली. त्यात राम पण साळुंके आणि सीता पण साळुंकेच. आता तिथे वाहनतळ आहे. अल्बम आणायला पुण्याला गेलो की पप्पा मोटरसायकल तिथेच लावतात.

दादासाहेबांनी पंचाण्णवच्या आसपास चित्रपट काढले, पण थोडेच उरले. पी. के. नायर साहेबांनी ते फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवले आणि पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जपून ठेवले. दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले. तेव्हा त्यांच्याजवळ पैसे राहिले नव्हते.

सिनेमा कसा तयार करतात हे दाखवणारी एक लहान फिल्म त्यांनी १९१७ मध्ये काढली होती. तिच्यात ते स्वतः दिसतात. आमच्या घरच्या अल्बममध्ये मात्र आजी, आई, मी, आमची म्हैस सुद्धा आहे, पण पप्पा कुठेच नाहीत. म्हणून गेल्या रविवारी मी त्यांचा मोठा कॅमेरा मागून घेतला. तो फार जड आहे. पप्पांना ओट्यावर बसवून फोटो काढला, तो जरासा हलला. आईने तोच मोठा करून आणायला सांगितला आहे.