घोडा घेऊन आलेला परदेशी

वास्को-द-गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, हे आपण शाळेत घोकतो. त्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधी चौल बंदरात उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन मला अधिक जवळचा वाटतो. त्व्हेर गावचा हा माणूस वाटेत लुटला गेला. मग सारी आशा एका घोड्यावर ठेवून तो होर्मुझहून इकडे आला. जुन्नरच्या अधिपतीने तो घोडाच हिरावून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. एका खुरासानी मुसलमान गृहस्थाने रदबदली केली, म्हणून घोडाही परत मिळाला आणि सक्तीही टळली.

पुढे तो बिदरला राहिला. बहमनी दरबारात तेव्हा महमूद गवानाचा शब्द चाले. पुढे आपल्या बेळगावचा किल्ला जिंकला तो यानेच. सरदारांचे वैभव आणि खेड्यांतले दारिद्र्य निकितिनने दोन्ही टिपले. ग्रंथ लुटले गेल्याने आपल्या सणांच्या तिथी हरवल्या, ही खंतही लिहिली.

परतताना स्मोलेन्स्कजवळ तो वारला. १४७५ मध्ये मॉस्कोला पोचली ती त्याची वही. मराठी जुन्नर आणि कन्नड बिदर तिच्यात शेजारी नांदतात. दोन भाषांच्या या अंकात त्याचे स्मरण मला म्हणूनच उचित वाटते.