मास्क न घातलेला प्रोफेसर गेला, आणि हार्बिनच्या डॉक्टरांनी वू लिएन-तेह यांचं ऐकलं

२४ डिसेंबर १९१०. मांचुरियातल्या हार्बिन स्टेशनवर ३१ वर्षांचा एक डॉक्टर उतरला. सोबत मायक्रोस्कोप आणि मदतीला त्याचा एक विद्यार्थी, बस. बाहेर शून्याखाली २५-३० अंश थंडी, आणि शेजारच्या फूच्याद्येन वस्तीत माणसं रक्ताच्या गुळण्या करून दोन-तीन दिवसांत मरत होती.

हा डॉक्टर म्हणजे वू लिएन-तेह. जन्म १८७९ चा, मलायातल्या पेनांगचा, वडील सोनार. शिष्यवृत्ती मिळवून गडी १८९६ मध्ये केंब्रिजला गेला. तिथे वैद्यकी शिकणारा तो पहिला चिनी वंशाचा विद्यार्थी. आपल्याकडे त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या मार्चमध्ये पुण्यात सावित्रीबाई गेल्या. पुढे लिव्हरपूलला वू ज्यांच्या हाताखाली शिकले ते रोनाल्ड रॉस, म्हणजे सिकंदराबादेत डास चिरून मलेरियाचं कोडं सोडवणारे. नंतर वू तिएनत्सिनच्या लष्करी वैद्यकीय कॉलेजात उपसंचालक झाले. गंमत म्हणजे चीनमध्ये आले तेव्हा त्यांना धड चिनी बोलता येत नव्हतं.

हार्बिनला पोचून तीन दिवस होतात न होतात तोच त्यांनी एका मृत जपानी बाईचं शवविच्छेदन केलं, तेही गुपचूप. प्रेताची चिरफाड तिथल्या लोकांना अजिबात मान्य नव्हती. फुप्फुसात प्लेगचे जंतू सापडले. काखेत, जांघेत गाठी मात्र नव्हत्या.

आता इथे खरी अडचण होती. त्या काळच्या डॉक्टरांनी प्लेग शिकला होता तो हाँगकाँग आणि मुंबईच्या साथीतून. गाठीचा प्लेग, आपल्या जुन्या मराठीत ग्रंथिक सन्निपात. उंदीर मरतात, त्यांच्या पिसवा माणसाला चावतात, म्हणून उंदीर मारा. धडा बरोबरच होता, पण दुसऱ्या रोगाचा. वूंचं म्हणणं असं की हा प्लेग फुप्फुसाचा आहे, खोकल्यातून एका माणसाकडून थेट दुसऱ्याकडे जातो, तेव्हा उंदीर सोडा आणि तोंड झाका. साथीचं मूळ मार्मोट नावाच्या खारीच्या जातीतल्या प्राण्यात होतं. त्याच्या कातडीला भाव आला, तशी नवशिकी माणसं शिकारीला निघाली होती.

गॉजची लांब पट्टी, मधे कापसाची घडी, टोकं चिरून डोक्यामागे गाठ. असा साधा मास्क वूंनी डॉक्टर, नर्स, प्रेतं उचलणारे, सगळ्यांना बांधायला सांगितला. पुष्कळांनी मनावर घेतलं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला जेराल्ड मेस्नी आले. फ्रेंच प्रोफेसर, वयाने मोठे, गाठीच्या प्लेगचा अनुभव असलेले. त्यांना मोहिमेचं नेतृत्व हवं होतं. एका चिनी पोराने आपल्याला प्लेग शिकवावा याचा त्यांना इतका संताप आला की त्यांनी वूंचा वंशावरून अपमान केला. वूंनी राजीनाम्याची तार धाडली. सरकार मात्र वूंच्या मागे उभं राहिलं. मेस्नी रशियन हॉस्पिटलमध्ये रुग्ण तपासायला गेले, अंगात गाऊन, हातात मोजे, तोंडाला काही नाही. ११ जानेवारीला ते वारले.

त्यानंतर हार्बिनमध्ये मास्क न बांधलेला माणूस शोधावा लागला. वूंची बाजू अशा रीतीने सिद्ध व्हावी, हे खुद्द त्यांनाही नको असणार.

एव्हाना मदतीला डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी येऊ लागले होते. वूंनी वस्तीचे चार भाग केले, प्रत्येक भागाला एक मुख्य डॉक्टर, त्याच्या हाताखाली पथक. घरोघर तपासणीचं काम आधी साध्या पोलिसांकडे होतं. त्यांना आजारी माणूस ओळखता येत नव्हता आणि स्वतःला जपणंही ठाऊक नव्हतं. ते काम हळूहळू शिकवून तयार केलेल्या माणसांकडे आलं. रुग्णाच्या संपर्कातल्या लोकांना ठेवायला रेल्वेचे मालडबे घेतले. जमीन दगडासारखी गोठलेली असल्याने दोन हजारांवर प्रेतं उघड्यावर पडून होती. ती जाळायला वूंनी थेट बादशहाच्या दरबाराची परवानगी आणली. पूर्वजांना पुरणाऱ्या समाजात हा निर्णय किती जड असेल याची कल्पना करा. १ मार्चला फूच्याद्येनमधला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. मांचुरियाभर साधारण साठ हजार माणसं गेली होती, त्यात सेवा करणारेही पुष्कळ होते.

एप्रिलमध्ये मुकदेनला ११ देशांची प्लेग परिषद भरली आणि अध्यक्ष वू झाले. समोर बसलेल्यांत प्लेगच्या जंतूच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते जपानचे कितासातो होते.

साथ संपली की पथकं पांगतात आणि शिकलेलं विरून जातं. वूंनी ते होऊ दिलं नाही, आणि माझ्या मते मास्कपेक्षा हे काम मोठं आहे. १९१२ मध्ये हार्बिनला कायमची प्लेग प्रतिबंधक सेवा उभी राहिली, मांचुरियाच्या इतर गावांतही तिची हॉस्पिटलं निघाली. शांततेच्या काळात तिथे साधे रुग्ण तपासले जायचे आणि मार्मोटवर संशोधन चालायचं. पगारी, सरावलेली माणसं हाताशी राहिली. १९२०-२१ मध्ये तोच प्लेग परत आला तेव्हा साधारण ९,३०० माणसं गेली. हाही आकडा लहान नाही. पण साठ हजारांशेजारी ठेवून पाहा.

१९२६ मध्ये त्यांनी हार्बिनला वैद्यकीय कॉलेज काढलं. १९३० पासून चीनच्या बंदरांवरची क्वारंटाइन सेवा त्यांच्याकडे आली. तोवर ती परदेशी माणसांच्या ताब्यात होती. १९३६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी प्लेगवर जाडजूड पुस्तक काढलं, खास आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. त्या सहकाऱ्यांपैकी रॉबर्ट पोलित्झर यांनीच पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी प्लेगचा प्रमाणग्रंथ लिहिला. १९३५ मध्ये वूंचं नाव नोबेलसाठीही सुचवलं गेलं होतं.

१९३७ मध्ये जपानी फौजा चीनमध्ये घुसल्या आणि वू मलायात परतले. इपोह गावात त्यांनी साधा दवाखाना टाकला. ज्याच्या सांगण्यावरून सरकारने रेल्वेचे डबे मोकळे करून दिले तो माणूस आता गावकऱ्यांचा सर्दी-ताप बघत होता, गरिबाकडून पैसे न घेता. ऐंशी वर्षांपर्यंत दवाखाना चालू ठेवून २१ जानेवारी १९६० रोजी ते पेनांगमध्ये वारले.