रायन व्हाइट: औषध असणे आणि औषध मिळणे

एचआयव्हीचे निदान झाले की घरातले पहिल्यांदा विचारतात, यावर औषध आहे का? आहे. पण ते रोज, न चुकता मिळेल का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. हा फरक समजण्यासाठी एका अमेरिकन मुलाविषयी वाचा.

रायन व्हाइटचा जन्म ६ डिसेंबर १९७१ रोजी इंडियाना राज्यातील कोकोमो येथे झाला. त्याला जन्मतःच हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त नीट गोठत नसे. त्यासाठी तो ‘फॅक्टर आठ’ची इंजेक्शने घेई. ही इंजेक्शने अनेक दात्यांच्या रक्तापासून बनत आणि तेव्हा रक्ताची एचआयव्ही तपासणी होत नव्हती. डिसेंबर १९८४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, न्यूमोनियाच्या उपचारांदरम्यान त्याला एड्स असल्याचे कळले. सहाच महिने उरले आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले.

१९८५ मध्ये शाळेने त्याला प्रवेश नाकारला. सोबत बसल्याने एचआयव्ही पसरत नाही, तरी लोक घाबरले. न्यायालयात लढून तो १९८६ मध्ये वर्गात परतला. पण त्रास थांबला नाही. शेवटी कुटुंब सिसेरो गावी गेले. तिथल्या शाळेने मुलांना आधीच या आजाराची माहिती दिली होती आणि त्यांनी त्याला सामावून घेतले. ८ एप्रिल १९९० रोजी, अठराव्या वर्षी, तो गेला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्याच्या नावाचा कायदा झाला. त्याची गरज का पडली?

अमेरिकेत गरिबांसाठी ‘मेडिकेड’ हा सरकारी विमा आहे, पण त्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. मुलेबाळे नसलेल्या गरीब प्रौढाला पूर्वी बहुतेक राज्यांत अपंगत्व सिद्ध केल्याशिवाय हा विमा मिळत नसे. म्हणजे एड्स होऊन माणूस खचला की विमा, पण एड्स टाळणारे औषध वेळेवर नाही! २०१४ पासून अनेक राज्यांनी हा नियम सैल केला. दक्षिणेकडील काही राज्यांनी केला नाही. तिथे एचआयव्हीचे प्रमाण जास्त आहे आणि कृष्णवर्णीय रुग्णांना याची झळ अधिक बसते.

विम्याचे कार्ड हाती असले तरी दवाखाना दूर असतो, कागदपत्रांचे नूतनीकरण राहून जाते आणि गोळ्या खंडित होतात. मग विषाणू पुन्हा वाढतो, कधी औषधाला दादही देत नाही.

जिथे विमा कमी पडतो तिथे रायनच्या नावाची योजना खर्च उचलते. निदान झालेल्या निम्म्याहून अधिक अमेरिकन रुग्णांना आज तिचा आधार आहे. मात्र निधी आटला की तीही अडखळते: २०११ मध्ये औषधांसाठी नऊ हजारांहून अधिक लोक प्रतीक्षायादीत होते.

आपल्याकडे सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधे २००४ पासून मोफत मिळतात. तरीही खंड पडतोच: गाव बदलते, मजुरी बुडते, ओळखीचे कोणी दिसेल याची भीती वाटते. म्हणून गाव सोडण्यापूर्वी केंद्राला सांगून नव्या ठिकाणी नाव बदलून घ्या. अडचण आली तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. गोळ्या संपण्याची वाट पाहू नका.