सुटका १९२४ मध्ये, पदवी परत १९६० मध्ये! सावरकरांना त्यांचे हक्क कसे मिळाले?

एकलहऱ्याच्या वीज केंद्रापासून भगूर फार लांब नाही. १८८३ साली विनायक दामोदर सावरकरांचा जन्म इथलाच.

डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची हत्या झाली. त्यानंतरच्या खटल्यांत सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या. म्हणजे ५० वर्षं काळं पाणी, वर मालमत्ता जप्त. मुंबई विद्यापीठानं तर त्यांची बी.ए.ची पदवीही काढून घेतली. पास झालेल्या परीक्षेचा गुन्ह्याशी काय संबंध, हे विद्यापीठालाच ठाऊक!

१९११ ते १९२१ अंदमान, मग रत्नागिरी आणि येरवड्याचा तुरुंग. अनेक अर्जांनंतर (त्यांवरून आजही वाद होतात) जानेवारी १९२४ मध्ये सुटका झाली, पण अटी घालून. रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचं नाही. मुदत होती पाच वर्षांची. ती वाढत वाढत १३ वर्षांवर गेली. बंधनं उठली १९३७ च्या मे महिन्यात. त्याच वर्षी ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले.

पदवी मात्र स्वातंत्र्यानंतरही १३ वर्षं अडकून राहिली. ती १९६० मध्ये परत मिळाली, तेव्हा सावरकर सत्त्याहत्तरीला आले होते. पूर्ण ५० वर्षं शिक्षा भोगली असती, तर तीही त्याच वर्षी डिसेंबरात संपली असती.