फुलमाळ्याचा मुलगा आणि शाळेतला वाफा



यंदाच्या पावसाळ्यात लहान मुलांकडून शाळेच्या आवारात बी पेरून घ्यावे, असे आम्ही मिस्सानंतर सुचवले होते. काही पालकांना ते रुचले नाही. मुलांचे हात मातीत जाऊ नयेत म्हणूनच तर आपण त्यांना शाळेत घालतो, असे त्यांनी आम्हाला सांगितले. आम्हाला त्यांचा राग आला नाही. ज्यांच्या आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात पाठ वाकवली, त्यांना खुरपे म्हणजे शिक्षा वाटली तर नवल नाही. पण त्या दिवसापासून एक थोर माणूस आमच्या मनात घर करून बसला आहे. त्याची ओळख आज नव्याने करून घेऊ या.

जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ साली झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन फुलांचा धंदा केल्यामुळे लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतीराव वर्षभराचे असतानाच आई चिमणाबाई वारल्या. सगुणाबाई या नात्यातल्या बाईंनी त्यांना वाढवले. वडील गोविंदराव यांनी मुलाला मराठी शाळेत घातले खरे, पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे, असे लोकांनी त्यांच्या मनात भरवले. मुलाची शाळा सुटली आणि त्याच्या हाती खुरपे आले.

गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब हे दोन शेजारी नसते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. त्यांनी मुलाची हुशारी ओळखली आणि गोविंदरावांची समजूत घातली. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती, दोघांनी मिळून एका हिंदू माळ्याच्या मुलाला पुन्हा शाळेत पाठवले. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. आपल्या शेजारच्या मुलाची शाळा सुटली, तर आपण त्याच्या बापाला जाऊन भेटतो का? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारला.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आल्यावर जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना त्यांनी घरीच शिकवले आणि त्या शिक्षिका झाल्या. लोकनिंदेला घाबरलेल्या वडिलांनी १८४९ साली दोघांना घराबाहेर काढले. पण त्यांचे काम थांबले नाही. १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा निघाली. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता, तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. आपल्या विवेकाला पटेल तसेच ते जगले. आपण त्याचाही आदर राखला पाहिजे.

पण आज आम्हाला सांगायचे आहे ते १८८२ सालाविषयी. त्या वर्षी शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर आयोग नेमला होता. जोतीरावांनी त्याच्यापुढे आपले निवेदन ठेवले. शेतकरी कर भरतो आणि त्या पैशावर वरच्या वर्गातली मुले मोठ्या शाळा-कॉलेजांत शिकतात, गावची शाळा मात्र कोरडी राहते, ही त्यांची तक्रार होती. किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. मुलांना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, नीती आणि आरोग्य शिकवावे, आणि त्याबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असे त्यांनी मांडले. शेतीचे धडे प्रत्यक्ष देण्यासाठी शाळेला जोडून एक लहानसे नमुना शेत असावे, हेही त्यांनी सुचवले. मास्तर असे हवेत, की ज्यांना वेळप्रसंगी नांगराची मूठ धरायला लाज वाटणार नाही.

ज्या मुलाला खुरप्यासाठी शाळेतून काढले होते, त्यानेच मोठेपणी शाळेसाठी शेत मागितले. हे सहज घडलेले नाही. शेती त्यांना बाहेरून माहीत नव्हती. मांजरीला त्यांची स्वतःची शेती होती आणि १८८३ साली त्यांनी शेतकऱ्यांच्या दैन्यावर ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहिला. गरिबाच्या मुलाने फक्त शेतीच शिकावी, असे त्यांनी म्हटले नाही. तसे म्हटले असते, तर ती जुनीच बेडी ठरली असती. इतिहास, हिशेब आणि माती एकाच मुलाला मिळावी, हे त्यांचे मागणे होते. गोविंदरावांनी खुरप्यासाठी पुस्तक सोडायला लावले. आज आपण पुस्तकासाठी खुरपे सोडतो आहोत. जोतीरावांना दोन्ही हवे होते.

१८८८ साली मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला. मग ते डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. सक्तीच्या शिक्षणाची त्यांची मागणी देशभरासाठी कायद्यात यायला २००९ साल उजाडले.

आपल्या शेंद्र्यात पूर्वी जिथे ज्वारी-बाजरी डोलत असे, तिथे आज कारखाने उभे आहेत. त्यांनी अनेक घरांची चूल पेटती ठेवली आहे, म्हणून आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. पण कंपनीच्या पाळीला जाणाऱ्या बापाच्या लेकराला तुरीचे आणि मुगाचे रोप वेगळे ओळखता येत नाही, हे पाहून जीव हळहळतो.

वाफा लहानच असू द्या. प्रत्येक मुलाला हातभर जागा आणि मूग, मेथी, भेंडी यांचे चार-चार दाणे द्यावेत. भेंडीचे बी रात्रभर भिजवावे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल टाकावे. आपल्या काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून वाफा थोडा उंच करावा. मूग चार-पाच दिवसांत वर येईल. ज्याचे बी उगवणार नाही, त्याला रागवू नका. माती उकरून काय झाले ते त्यालाच पाहू द्या. पेरणाऱ्याच्या दाखल्यातही सगळे बी उगवत नाही, तरी पेरणारा पेरायचे सोडत नाही.

पुढच्या रविवारी घरातले मूठभर बियाणे घेऊन या. आणि मुलांचे हात मातीने भरले, तर त्या दिवशी त्यांना ओरडू नका.

आपला,
धर्मगुरू